नोकरी सांभाळून फायनान्समधली व्यवसाय पदवी: प्रवेशाआधीपासून प्रकल्पापर्यंत

अर्धवेळ अभ्यासक्रमात मार्केटिंगचा किंवा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा एखादा आठवडा बुडाला, तरी पुढचा धडा बऱ्यापैकी समजतो. फायनान्समध्ये तसे होत नाही. पैशाचे कालमूल्य (आजचा रुपया आणि पुढे मिळणारा रुपया यांतला फरक) कच्चे राहिले की रोख्यांची (बाँडची) किंमत काढता येत नाही. परताव्याचा दर आणि किंमत यांचे नाते कळले नाही की भांडवलाचा खर्च (कंपनीला पैसा उभारायला पडणारा दर) म्हणजे नुसते सूत्र उरते. आणि तिथेही अडखळले की कंपनीचे मूल्यांकन हा अख्खा विषय पाठांतरावर जातो. साखळीतली एक कडी निसटल्याचा त्रास बहुधा दोन सत्रांनी जाणवतो, तेव्हा मागे जायला वेळ नसतो. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांत दोनच गोष्टींवर भर आहे: विषयांचा क्रम, आणि प्रत्येक आठवड्यात हाताने गणिते सोडवण्याचे तास.

प्रवेश घेण्याआधी तास मोजा

माहितीपत्रकात क्रेडिट लिहिलेले असतात, त्यांचे तासांत रूपांतर करा. युरोपीय पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, आणि त्यात व्याख्याने, वाचन, सराव, परीक्षा सगळे आले. ६ क्रेडिटच्या विषयाला त्या हिशेबाने १५० ते १८० तास लागतात. सत्र १४ आठवड्यांचे असेल तर आठवड्याला ११ ते १३ तास होतात. अमेरिकी पद्धतीत १ क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला १ तास आणि स्वतःच्या अभ्यासाचे २ तास धरतात, म्हणजे ३ क्रेडिटचा विषय आठवड्याचे ९ तास मागतो. असे दोन विषय एकत्र घेतले तर आठवड्याचे १८ ते २६ तास गेले. पूर्णवेळ नोकरीसोबत हे एखादे सत्र निभते. सलग पाच सत्रे फार थोड्यांना जमते.

आता स्वतःकडचे तास मोजा. दोन साधे आठवडे घ्या, सुट्टीचे नकोत. वेळ कुठे गेला ते रोज रात्री लिहून ठेवा. मोकळे निघालेल्या तासांपैकी पाऊणच खरे धरा, कारण आजारपण, घरची कामे आणि ऑफिसातला अचानक आलेला ताण यांत उरलेले जातात. हा आकडा आठवड्याला १० तासांच्या खाली असेल तर सत्राला एकच विषय घ्या. पदवी एक वर्ष लांबली तर चालते. नापास झालेला विषय पुन्हा घेताना मात्र तेच तास दुसऱ्यांदा मोजावे लागतात, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले विषयही अडकतात.

हिशेब विभागात, बँकेत किंवा ऑडिटमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि वर्षअखेर यांच्या तारखा विद्यापीठाच्या परीक्षा वेळापत्रकाशेजारी मांडा. दोन्ही एकाच पंधरवड्यात येत असतील तर त्या सत्रात सर्वांत जड विषय घेऊ नका.

अभ्यासक्रम निवडताना पुढच्या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवा:

- फायनान्सचे ऐच्छिक विषय अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी खरोखर चालतात का, की यादीत आहेत पण फक्त दिवसा शिकवले जातात?
- कोणत्या विषयाआधी कोणता विषय उत्तीर्ण असावा लागतो, आणि तो वर्षातून किती वेळा शिकवला जातो?
- पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती? मधे एक सत्र थांबता येते का?
- विषय सोडायची शेवटची तारीख कोणती, आणि सोडल्यास शुल्काचे काय होते?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉर्पोरेट फायनान्स वर्षातून एकदाच शिकवत असतील आणि तो तुमचा हुकला, तर मूल्यांकन, डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेले करार) आणि जोखीम व्यवस्थापन हे सगळे विषय एक वर्ष मागे सरकतात.

मान्यतेबद्दल थोडक्यात. व्यवसाय शिक्षणात एएसीएसबी, इक्विस आणि एएमबीए ही तीन आंतरराष्ट्रीय नावे वारंवार दिसतात. पहिल्या दोन मान्यता मुख्यतः संस्थेकडे पाहतात, तर एएमबीए ही एमबीएसारख्या अभ्यासक्रमांकडे. त्यांच्याखेरीज ज्या देशात नोकरी करायची आहे तिथल्या नियामक संस्थेची मान्यता वेगळी तपासा, कारण एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

नोकरी देणारी कंपनी शुल्क भरणार असेल तर करारातली तीन कलमे नीट वाचा: पदवीनंतर किती काळ नोकरी सोडता येणार नाही, विषय नापास झाला तर शुल्क कोण भरणार, आणि परीक्षेची रजा हक्काची आहे की वरिष्ठांच्या मर्जीवर. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. दोन-तीन वर्षांत वरिष्ठ बदलतात.

वर्ग सुरू होण्याआधीचे सहा आठवडे

आठवड्याला ६ ते ८ तास दिले तरी या काळात पाया घालता येतो.

पहिले दोन आठवडे हिशेबाला द्या. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे कळले की अर्धे काम झाले. तपासण्यासाठी एक कसोटी: कंपनीने ५०० रोख देऊन यंत्र घेतले, वर्षाला १०० घसारा (यंत्राच्या झिजेची हिशेबातली वजावट), कर २५ टक्के. तिन्ही पत्रकांत काय बदलेल? खरेदीच्या दिवशी नफ्यावर काहीच परिणाम नाही. ताळेबंदात रोख ५०० ने कमी, यंत्र ५०० ने जास्त, आणि रोख प्रवाह पत्रकात गुंतवणुकीच्या भागात ५०० बाहेर. वर्षअखेरीला घसाऱ्यामुळे करपूर्व नफा १०० ने घटतो, कर २५ ने वाचतो, म्हणून निव्वळ नफा ७५ ने कमी. रोख प्रवाहात उणे ७५ मध्ये १०० घसारा परत मिळवला की अधिक २५ उरतात, म्हणजे वाचलेला कर. ताळेबंदात यंत्र १०० ने कमी, रोख २५ ने जास्त, भागधारकांचा निधी ७५ ने कमी. दोन्ही बाजू जुळल्या. कागद न बघता हे लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरा आठवडा घातांक, लॉगरिदम आणि साधी बीजगणितातली समीकरणे. शाळेनंतर दहा-पंधरा वर्षांनी परतणाऱ्यांना इथे संकोच वाटतो, पण लागणारे गणित मर्यादित आहे. ८ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला किती वर्षे लागतात, हे लॉग वापरून ९ वर्षे असे काढता आले की पुरे.

चौथा आठवडा पैशाच्या कालमूल्याचा. इथे घाई करू नका. वार्षिक १२ टक्के दर महिन्याच्या चक्रवाढीने लागतो तेव्हा प्रत्यक्ष दर १२.६८ टक्के होतो. हा फरक का पडतो ते शब्दांत सांगता आले पाहिजे. मग १,००,००० चे कर्ज, ६० मासिक हप्ते, वार्षिक १२ टक्के, असे गणित घ्या. हप्ता २,२२४.४४ येतो. तो आधी सूत्राने काढा, नंतर कॅल्क्युलेटरवर, शेवटी स्प्रेडशीटमध्ये. तिन्ही उत्तरे जुळली की साधनांवर विश्वास बसतो.

पाचवा आठवडा संख्याशास्त्राला: सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र हलतात), साधे रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा). दोन समभाग घ्या, दोघांचे प्रमाण विचलन २० टक्के, निम्मी-निम्मी गुंतवणूक. सहसंबंध १ असेल तर एकत्रित जोखीम २० टक्केच राहते, ० असेल तर १४.१४ टक्क्यांवर येते. अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेल्या पोर्टफोलिओ सिद्धांताचा गाभा या एका गणितात आहे.

सहाव्या आठवड्यात साधने. फायनान्शियल कॅल्क्युलेटर घ्यायचा असेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा १२सी घ्या. पुढे सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक परीक्षा) दिली तरी हेच दोन प्रकार चालतात. तुमच्या विद्यापीठात कोणते चालतात ते मात्र आधी विचारा. बीए टू प्लसवर चुकीची उत्तरे येतात ती बहुतेक चार कारणांनी. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या रकमांना उलट चिन्ह दिलेले नसते. वर्षातले हप्ते किती, ही सेटिंग आधीच्या गणिताची तशीच राहिलेली असते. मुदतीच्या सुरुवातीची सेटिंग चालू राहते आणि हप्ते शेवटी धरायचे असतात. किंवा जुन्या आकड्यांची मेमरी पुसलेली नसते. त्यातच हे यंत्र मूळ सेटिंगमध्ये आकडे टाकाल त्या क्रमाने गणित करते, गुणाकार आधी करत नाही. २ अधिक ३ गुणिले ४ याचे उत्तर ते २० देते. सेटिंग बदला, किंवा ही सवय लक्षात ठेवा.

सत्रातला एक आठवडा

आठवड्याचे १० ते १२ तास एका बैठकीत बसवू नका. थकलेल्या संध्याकाळी नवे सिद्धांत डोक्यात शिरत नाहीत, पण ओळखीचे गणित सोडवता येते. त्यामुळे कामाची वाटणी डोक्याच्या ताकदीप्रमाणे करा.

व्याख्यानाआधी अर्धा-पाऊण तास पुरे. नव्या सूत्रात कोणते घटक आहेत आणि प्रत्येक घटकाचे एकक काय, एवढेच बघा. व्याख्यानानंतर दोन दिवसांच्या आत, वर्गात सोडवलेले उदाहरण वही बंद करून पुन्हा सोडवा. हे दोन दिवस फार मोलाचे आहेत. फळ्यावर समजलेले आणि स्वतःला जमलेले यांतला फरक तेव्हाच लक्षात येतो. मग आठवडाअखेर सकाळी सलग तीन तासांची एक बैठक ठेवा, ८ ते १२ नवी गणिते. कठीण प्रकरण याच बैठकीत. वाचन, टिपणे, व्हिडिओ हे बसमधून येताना किंवा दुपारच्या सुट्टीत.

चुकांची वही वेगळी ठेवा. प्रत्येक चुकलेल्या गणितासाठी चार नोंदी: गणित कोणते, चूक कशाची, बरोबर विचार एका वाक्यात, आणि पुन्हा सोडवायच्या तारखा. तारखा साधारण ३ दिवसांनी, १० दिवसांनी आणि महिन्याने ठेवा. चुकीचे प्रकारही चारच: संकल्पना, मांडणी, आकडेमोड, प्रश्नाचे वाचन. महिन्याभरात एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसू लागतो. मांडणीच्या चुका जास्त असतील तर गणित सुरू करण्याआधी कालरेषा काढायची सक्ती करा, शून्य वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत, प्रत्येक रक्कम तिच्या जागी. आकडेमोडीच्या असतील तर नुसती जास्त गणिते सोडवून फरक पडणार नाही, मधल्या पायऱ्या लिहायला लागा.

एक आठवडा बुडाला तर राहिलेली सगळी प्रकरणे वाचत बसू नका. बुडालेल्या भागातली तीन-चार पायाभूत गणिते सोडवा आणि चालू आठवड्यासोबत राहा, वाचन नंतर भरून काढता येते. दोन आठवडे बुडाले असतील तर शिक्षकांना लगेच लिहा. तीन बुडाले आणि विषय सोडायची तारीख अजून गेलेली नसेल, तर सोडण्याचा विचार शांतपणे करा. त्यात कमीपणा नाही.

गुण कुठे जातात

फायनान्सच्या उत्तरपत्रिकांत चुका ठरावीक जागी होतात, म्हणून त्या जागा आधीच ओळखून ठेवता येतात.

निव्वळ वर्तमान मूल्यापासून (एनपीव्ही, म्हणजे पुढच्या रकमांची आजची किंमत वजा गुंतवणूक) सुरुवात करू. आज १००० गुंतवले, पुढची तीन वर्षे दरवर्षी ४०० मिळतात, दर १० टक्के. उत्तर उणे ५.२६, म्हणजे प्रकल्प नाकारायचा. अंतर्गत परतावा दर (ज्या दराला हे मूल्य शून्य होते) सुमारे ९.७ टक्के येतो, तोही १० च्या खाली, म्हणून दोन्ही पद्धती एकच सांगतात. स्प्रेडशीटमध्ये एनपीव्हीच्या फंक्शनला सुरुवातीची गुंतवणूकही आत दिली तर उत्तर उणे ४.७८ येते. कारण ते फंक्शन पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजते आणि सगळ्याच रकमांना एक वर्ष जास्त सवलत देते, म्हणजे दराने एकदा जास्त भागते. शून्य वर्षाची रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवून मिळवायची.

रोख प्रवाह ठरवताना जास्त गुण जातात. आधीच खर्च झालेला बाजार पाहणीचा पैसा निर्णयात धरायचा नाही. स्वतःच्या मालकीची जागा प्रकल्पाला दिली तर तिचे बुडणारे भाडे मात्र धरायचे. खेळत्या भांडवलातली (माल आणि उधारी यांत अडकणाऱ्या पैशातली) वाढ ही बाहेर जाणारी रोख आहे, आणि प्रकल्प संपताना ती परत येते. हे परत येणेच बरेच जण विसरतात. कर्जावरचे व्याज रोख प्रवाहातून वजा करू नका. सरासरी भांडवली खर्चाने (कर्ज आणि भागभांडवल यांच्या दरांच्या वजनानुसार सरासरीने) सवलत देताना ते आधीच मोजलेले असते, दोनदा धरले की चांगला प्रकल्पही तोट्यात दिसतो. महागाई धरलेले आकडे असतील तर दरही महागाईसकटचा हवा.

सरासरी भांडवली खर्चात तीन खड्डे आहेत. भागभांडवल ६००, कर्ज ४००, भागधारकांना अपेक्षित परतावा १४ टक्के, कर्जाचा दर ९ टक्के, कर २५ टक्के. उत्तर: ८.४ अधिक २.७, म्हणजे ११.१ टक्के. कर्जावरची करबचत विसरलात तर १२ येते. दुसरा खड्डा वजनांचा: ती बाजारमूल्याची हवीत, ताळेबंदातल्या पुस्तकी आकड्यांची नव्हे. तिसरा खड्डा सर्वांत खोल: कंपनीचा सरासरी दर सगळ्या प्रकल्पांना लावणे. वीज विकणाऱ्या कंपनीने सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू केला तर त्या व्यवसायाची जोखीम वेगळी आणि दरही वेगळा.

समभागाकडून अपेक्षित परतावा काढणाऱ्या कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेलमध्ये बाजाराचा परतावा आणि बाजाराचे जोखीम अधिमूल्य (त्या परताव्यातून जोखीममुक्त दर वजा केलेला) हे शब्द नीट वाचा. जोखीममुक्त दर ६, बाजाराचा परतावा ११, बीटा (बाजाराच्या तुलनेत समभाग किती हलतो) १.२ असेल तर उत्तर १२ टक्के. बीटाने थेट ११ ला गुणून ६ मिळवले की १९.२ येते. असे अवाजवी उत्तर दिसले की थांबून मागे पाहायची सवय लावा.

रोख्यांत किंमत आणि दर उलट दिशेने जातात, हे सगळ्यांना पाठ असते, पण का ते सांगता येत नाही. १०० दर्शनी किमतीचा, वर्षाला ८ व्याज देणारा, पाच वर्षांचा रोखा घ्या. बाजारात आता १० टक्के मिळत असतील तर त्याची किंमत ९२.४२ होते. जुना रोखा ८ च देतो, म्हणून घेणारा उरलेला परतावा कमी किमतीतून वसूल करतो. व्याज सहामाही मिळत असेल तर दर निम्मा, मुदतींची संख्या दुप्पट आणि व्याजाची रक्कमही निम्मी. यातले एक बदलून दुसरे विसरणे ही ठरलेली चूक आहे.

सिद्धांताच्या प्रश्नांत गृहीतके लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नाहीत. मोदिलियानी आणि मिलर या अर्थतज्ज्ञांचा १९५८ चा निष्कर्ष, भांडवलाच्या रचनेने कंपनीचे मूल्य बदलत नाही, हा कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही, सर्वांना सारखी माहिती आहे, अशा जगातला आहे. एकेक गृहीतक काढत गेलात की कर्जाचे फायदे-तोटे आपोआप उलगडतात. उत्तर याच क्रमाने लिहा.

गटातले काम आणि ऑफिस

अर्धवेळ वर्गातल्या गटात प्रत्येकाची शिफ्ट वेगळी असते. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवा: आठवड्याची एक पक्की वेळ, एकच सामायिक फाइल, आणि शेवटचे संपादन करणारी एक व्यक्ती. सादर करण्याच्या दोन दिवस आधीची तारीख गटासाठी अंतिम धरा. मॉडेल बनवताना गृहीत धरलेले आकडे वेगळ्या शीटवर आणि निळ्या अक्षरांत, सूत्रे काळ्या अक्षरांत ठेवा, आणि ताळेबंदाच्या खाली दोन्ही बाजूंचा फरक दाखवणारी एक ओळ द्या. ती शून्य नसेल तर पुढे काही करू नका.

असाइनमेंटसाठी स्वतःच्या कंपनीचे आकडे वापरायचा मोह होतो. लेखी परवानगीशिवाय वापरू नका. नोंदणीकृत कंपनीचे अप्रकाशित आकडे गटात वाटणे कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल पुरतात. पाच-सात वर्षांचे आकडे तुलनेला घेताना मधे हिशेबाचे नियम बदलले का ते बघा. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकामुळे भाडेपट्ट्यांची देणी ताळेबंदावर आली आणि त्यामुळे काही कंपन्यांचे कर्जाचे प्रमाण एका वर्षात वाढलेले दिसते, प्रत्यक्षात नवे कर्ज घेतलेले नसतानाही.

परीक्षा

चार आठवडे आधी नवे वाचन थांबवा. वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, किमान चार, त्यातल्या दोन सलग पूर्ण वेळ बसून. १०० गुणांना १८० मिनिटे असतील तर एका गुणाला १.८ मिनिटे, म्हणजे १५ गुणांच्या प्रश्नाला २७ मिनिटे. तितक्या वेळात झाले नाही तर जागा सोडून पुढे जा. पहिल्या भागातले उत्तर चुकले असले तरी पुढच्या भागांत तोच आकडा वापरून पद्धत दाखवा. पद्धतीला गुण देणाऱ्या परीक्षकांकडे पुढच्या पायऱ्यांचे गुण त्यामुळे वाचतात. आकड्यानंतर निर्णयाचे एक वाक्य हवेच: स्वीकारायचा की नाही, आणि कोणत्या अटीवर.

सीएफएसारखी परीक्षा पदवीसोबत द्यायचा विचार असेल तर सीएफए इन्स्टिट्यूट प्रत्येक पातळीसाठी सुमारे ३०० तास सुचवते, हे लक्षात घ्या. म्हणजे दोन जड विषयांइतके काम. गुंतवणूक आणि रोख्यांचे विषय संपल्यावरचे रिकामे सत्र त्यासाठी बरे.

शेवटचा प्रकल्प

प्रकल्पाचा विषय निवडण्याआधी डेटा हातात आहे का ते बघा. प्रश्न छान पण आकडे सशुल्क डेटाबेसमध्ये, अशी अडचण नेहमीची आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणते डेटाबेस आहेत, ते घरून उघडतात का, आणि एका वेळी किती ओळी उतरवता येतात हे आधीच्या सत्रातच तपासा. मग एका छोट्या नमुन्यावर, पाच-सहा कंपन्यांवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण विश्लेषण करून पाहा. ते जमले तरच नमुना वाढवा.

२० आठवडे असतील तर साधारण अशी वाटणी चालते: प्रश्न आणि वाचनाला ४, डेटा गोळा करून स्वच्छ करायला ६, विश्लेषणाला ४, लेखनाला ४ आणि दुरुस्तीला २. डेटाला दिलेले ६ आठवडे जास्त वाटतील, पण गहाळ तारखा, समभागांची विभागणी, बदललेली कंपन्यांची नावे यांतच ते जातात. दोन दोष विशेष शोधा. नमुन्यात फक्त आज टिकून असलेल्या कंपन्या घेतल्या तर बुडालेल्या गळतात आणि परतावा खोटा चांगला दिसतो. आणि मार्चअखेरचे आकडे जून-जुलैमध्ये प्रसिद्ध होत असतील तर एप्रिलच्या गुंतवणूक निर्णयात ते वापरता येत नाहीत, कारण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हते. प्रत्येक आकड्यासमोर तो कधी प्रसिद्ध झाला ती तारीख लिहिलेला एक स्तंभ फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.